शंकरप्पाची शिंक

१

आईनं हाक मारली तवा म्या दवाखान्याच्या दारातच हुते, हातात तिच्या भाकरीचं फडकं. आत पळाले तर शंकरप्पा म्हातारा खाटंच्या खाली फरशीवर पडलेला. एक पाय वाकडा, धोतर ओलं, आन् हात अजून वरच, खाटंच्या दांडीला बांधलेल्या पेटीकडं. घड्याळात सव्वातीन झाले हुते.

म्हातारा जन्माचा बहिरा. कान न्हाईत म्हणून बोलणं बी न्हाय. तेलाच्या घाण्यावर सगळी हयात गेली, आन् आठ दिसांमागं अंतर्गळाच्या ऑपरेशनला इथं आला. त्याला हाक मारता येत न्हाय म्हणून तर ती पेटी केली हुती, नळदुर्गच्या पिराजी रेडिओवाल्यानं. पेटीवर तीन बटणं, बटणाशेजारी चित्रं: तांब्या, पॉट, आन् पोट धरून बसलेला माणूस. वायर भिंतीवरनं आईच्या टेबलापर्यंत. तिथं फळीवर तीन दिवे. तांब्याचं दाबलं की पांढरा, पॉटचं दाबलं की पिवळा, दुखायलंय म्हणून दाबलं की तांबडा. लाईटीचा भरवसा न्हवता, म्हणून पेटीच्या पोटात बॅटरीचे तीन मोठे सेल.

डॉक्टर हिंमतराव आले. म्हाताऱ्याला चौघांनी उचलून खाटंवर घेतलं. "खुब्याचं हाड गेलं," डॉक्टर म्हणले. मग त्यांनी पेटीवरचं पॉटचं बटण दाबलं. टेबलावर पिवळा दिवा लागला. त्यांनी आईकडं बघितलं.

"भिमाबाई, दिवा तर लागतोय."

"मघाशी लागला न्हवता साहेब. म्या समोरच बसले हुते."

"दोन वाजता सिस्टरनं तपासला तवा लागला. आता लागतोय. मधल्या एका तासातच रुसला व्हय? डोळा लागला आसंल तर तसं सांगा."

आकरा वर्सं त्या दवाखान्यात आया म्हणून लोकांचे पॉट उचलले आईनं, आन् तिला हे.

"माझी आई कामावर झोपत न्हाय," म्या म्हणले.

"तू कोण?"

"तिची पोरगी. हरणा."

"शाळेच्या टायमाला इथं कशी?"

"शाळा सोडली."

"तरीच," डॉक्टर म्हणले. मग आईला, "उद्या दहाला जीप म्हाताऱ्याला धाराशिवला न्हेईल. तवाच तुमच्या नोकरीचं काय ते बघू. म्हाताऱ्याचा पाय गेलाय बाई, म्या गप बसू शकत न्हाय."

माझ्या कानशिलात आग झाली. नववीत गणिताच्या मास्तरानं आईच्या कामावरनं असंच वाकडं बोललं तवा वही त्याच्या टेबलावर आपटून घरी आले हुते, ती परत गेलेच न्हाय. इथं काय आपटणार? म्हाताऱ्याची चादर नीट करायचं निमित्त करून खाली बघत बसले.

चादरीवर, पेटीच्या बरोबर खाली, तांबडे बारीक कण पडले हुते. रक्त वाटलं. बोटावर घेतलं. रक्त न्हवतं. रंग हुता.

२

पिराजीची खोड सगळ्या नळदुर्गाला ठाऊक. दुरुस्त केलेल्या रेडिओच्या स्क्रूवर तो तांबड्या रंगाचा थेंब सोडतो. गिऱ्हाईक चार दिसांनी भांडायला आलं की आधी थेंब बघतो. थेंब फुटला आसंल तर म्हणतो, "तुमी उघडलाय, माझी ग्यारंटी संपली."

पेटीच्या झाकणाला दोन स्क्रू. दोन्हीवरचे थेंब फुटलेले.

म्हणजे पेटी कुणीतरी उघडली हुती. आन् चादर रोज सकाळी आठला बदलते, ही आईचीच शिस्त. म्हणजे आजच, आठच्या नंतर.

"आई, आज वॉर्ड मोकळा कवा हुता?"

ती भाकरी समोर घेऊन नुसती बसली हुती. "टँकर आला तवा. साडेबाराला. म्या, बब्रुवान, समदेच घागरी घेऊन पळालो. आज न्हाय भरलं तर परवापर्यंत थेंब न्हाय. अर्धा तास लागला आसंल."

"आन् सिस्टर?"

"ती ऑपरेशन-खोलीत. मुक्ताबाईचं बाळंतपण आडलं हुतं. डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर, तिघं बी आत."

वॉर्डात मागं ऱ्हायला एकटा शंकरप्पा. त्यानं बघितलंच आसंल. पर इचारणार कोण, आन् कसं?

तेवढ्यात व्हरांड्यातनं गाणं आलं. बब्रुवानचा ट्रान्झिस्टर. बब्रुवान म्हणजे शंकरप्पाचा पुतण्या, त्याच्याजवळ ऱ्हायला आलेला. आठ दिस त्याचा ट्रान्झिस्टर घोगरा वाजत हुता, म्हातारी खोकल्यागत. आज खणखणीत.

म्या सरळ गेले आन् ट्रान्झिस्टर त्याच्या मांडीवरनं उचलला.

"ए पोरी, काय करायलीस?"

"नवे सेल कुठनं आणले?"

"तुला काय करायचंय?"

म्या पाठीमागचं झाकण उचकटलं. आत दोनच सेल. दोन्ही जुनाट, बुडाला पांढरी भुकटी धरलेली. बब्रुवाननं वायरीला तांब्याची तार बांधून कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली हुती. तेवढ्यानं आवाज सुधारला हुता.

बब्रुवान रागावला न्हाय. तेच वाईट वाटलं.

"सेलाचा चोर म्हणतीस मला," तो म्हणला. "ते जाऊ दे. माझा चुलता पडला तवा म्या कुठं हुतो ते इचार की. बाहेर लिंबाखाली आडवा झालो हुतो. पाणी भरून दमलो म्हणून. त्यो बटण दाबून दाबून थकला आसंल, आन् म्या घोरत हुतो."

म्या झाकण बसवलं. "चुकलं दादा."

"मला न्हाय, त्याला सांग," त्यानं आत मान केली. "त्यो मघाधरनं कायतरी सांगायलाय. मला समजंना झालंय."

३

शंकरप्पाच्या पायाला दोन्ही बाजूनं वाळूच्या पिशव्या लावल्या हुत्या. आमाला बघून त्यानं पेटीवर हात ठेवला. मग झाकण उघडल्यागत दोन बोटं फिरवली. मग तोंड वर करून, डोळे मिटून, शिंक आल्यागत केलं. डोळे पुसले. परत तेच. पेटी, दोन बोटं, शिंक, डोळे.

"सर्दी झालीया म्हणतोय," पाठीमागनं आवाज आला. कंपाउंडर महांतप्पा. पांढरा सदरा, खिशात तीन पेनं. त्यानं म्हाताऱ्याच्या तळहातावर एक पिवळी गोळी ठेवली. "घे रं बाबा. कूस बदलता येईना आन् वर शिंका."

म्हाताऱ्यानं गोळी फेकून दिली. ती माझ्या पायाजवळ येऊन पडली.

"बघा, चांगल्याची दुनिया न्हाय," म्हणत महांतप्पा गेला.

म्या म्हाताऱ्याच्या समोर उभी ऱ्हाऊन त्याच्यागत केलं. पेटी. बोटं. मग दोन्ही हात पसरून डोळे मोठे केले: कोण?

त्यानं परत शिंक दाखवली. एवढीच. जसं काय त्या माणसाचं नावच ते.

इथं कुणाला सर्दी न्हवती. उन्हाळा असा की नाकातलं बी वाळून जावं. आन् म्हातारा दिसभरात एकाच खेपंला खरा शिंकला हुता, असं बब्रुवान म्हणला.

"कवा शिंकला मग?"

"म्या टँकरवरनं आलो तवा. तीन-चार शिंका लागोपाठ. डोळ्यातनं पाणी."

टँकरच्याच टायमाला.

म्या सायकल घेतली आन् पिराजीकडं निघाले. उन्ह कलायला आलं हुतं.

४

पिराजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यासंगं आला. आईला बघून "जयभीम काकी" म्हणला आन् गप पेटीसमोर बसला. थेंब बघितले. "उघडलीया," म्हणला. झाकण काढून तिन्ही सेल तळहातावर घेतले, उलटे केले, आन् हसला.

"हे माझे सेल न्हाईत."

"कशावरनं?"

"माझ्या सेलाच्या बुडाला तांबडा थेंब असतो. गिऱ्हाईक लई हुशार असतंय, नवे काढून जुने घालतंय आन् म्हणतंय पिराजीनं फसवलं. हे बघ, बुडं कोरी."

"पर दिवा लागतोय की. डॉक्टरांनी दाबला, लागला."

"लागणारच." त्यानं बटणावर बोट ठेवलं. "तुझं बोट ठेव. काढू नको."

म्या ठेवलं. तिकडं पिवळा दिवा लागला. पिराजीनं बिडी पेटवली. बिडी अर्धी व्हायच्या आत दिवा ज्वारीच्या पिठाएवढा फिका झाला, मग तारेपुरता तांबडा, मग गेला.

"आता बोट काढ. जरा दम खाऊ दे त्याला."

आईनं केलेला च्या पिऊन झाला. पिराजी म्हणला, "दाब." दिवा लागला. मघासारखाच.

"थकलेला सेल माणसावाणीच. इसावा दिला की चार पावलं चालतोय. सिस्टर दोन वाजता दाबून लगेच सोडते, लागला. म्हाताऱ्यानं घाईला लागली म्हणून दाबून धरला आसंल, ईझला. त्यो पडला, बटण सुटलं. डॉक्टर येईतोवर इसावा मिळाला, लागला."

आईनं पदर तोंडाला लावला. तिचा डोळा लागला न्हवता. तिला स्वतःला बी दुपारधरनं शंका यायला लागली हुती, ते मला तवा कळालं.

म्या सेल हातात घेतले. डोक्यावर जिथं काळं डांबर असतं तिथं ते वितळून एका अंगाला वघळलं हुतं. सेल मरायला लागले की आमच्याकडं उन्हात टाकतात. घराघरात टाकतात. तापले की थोडा जीव धरतात. हे बी कुणीतरी आडवे टाकून उन्हात तापवले हुते. आन् डांबरात कायतरी चिकटलं हुतं. पिवळट, चपटं, नखाएवढं बी न्हाय.

नखानं काढून जिभेवर ठेवलं. जीभ पेटली.

मिरचीचं बी.

दवाखान्याच्या गच्चीवर पत्रे टाकून वर्साच्या मिरच्या वाळत हुत्या. त्या कुणाच्या हे सगळ्याला ठाऊक. प्रेमाबाई सिस्टरच्या.

५

सिस्टरच्या खोलीत गेले तर ती मिरच्यांचे देठ मोडत बसली हुती. बोटं तांबडी. मला बघून तिनं हात फडक्याला पुसले.

"दुपारी साडेबाराला कुठं हुता?" म्या इचारलं.

"आगं, ही कसली बोलायची रीत? फौजदार झालीस का?"

"दोन वाजता पेटी तपासली तवा किती येळ बटण दाबलं?"

तिचं तोंड बारीक झालं. "दाबलं आन् सोडलं. रोज तसंच करतो की आमी. तुझी आई बी तसंच करते." मग हळू आवाजात, "हरणे, भिमाबाईवर आलं ते मला बी बरं वाटलं न्हाय. पर माझी बी नोकरी हाय."

"गच्चीवर आज कोण गेलं?"

"म्या सकाळी मिरच्या पसरून आले. मागनं कुणी गेलं आसंल तर मला काय ठाऊक." तिनं नजर चुकवली.

म्या तिच्या अंगावर जाणार हुते. पर बब्रुवानचा ट्रान्झिस्टर आठवला. एका दिसात दोनदा चुकायला परवडणारं न्हवतं. त्या अर्ध्या तासात सिस्टर खरंच कुठं हुती, ते एकच माणूस सांगू शकत हुतं.

मुक्ताबाई बाळंतिणीच्या खोलीत पडली हुती, कुशीत गुंडाळलेलं पोर. म्या तिला गरम पाणी दिलं.

"मावशी, लई आडलं हुतं म्हणं."

"आगं, मेले हुते म्या. ती खोली तुला ठाऊक हाय, खताचं जुनं गोडाऊन. खिडकी न्हाय. लाईट गेली. डॉक्टरच्या हातातली बॅटरी बी ईझायला लागली. डॉक्टर ओरडले, उजेड आणा, पोर आडवं हाय."

"मग?"

"मग उजेड आला. असा लख्ख की मला छताच्या पत्र्याचा गंज दिसला. आन् नाकात असा खकाणा गेला बाई, त्या कळंत बी शिंकले म्या. दोनदा. सिस्टर म्हणली, शिंक, शिंक, बरंच हाय, जोर येतोय."

माझ्या हातातला तांब्या तसाच ऱ्हायला.

"सिस्टर तुमच्याजवळच हुती? सगळा येळ?"

"माझा हात तिच्या हातात. हे बघ, तिच्या मनगटावर माझी नखं उठलीत का न्हाय ते जाऊन बघ. मधी सोडला आसता तर म्या आरडले आसते."

डॉक्टरांचे हात पोराला लागलेले. सिस्टरचा हात हिच्या हातात.

"मग बॅटरी घेऊन बाहेर कोण गेलं?"

मुक्ताबाईनं नाव सांगितलं. म्या सकाळपर्यंत ते तोंडातनं काढलं न्हाय, आईजवळ बी न्हाय.

६

सकाळी दहाला जीप दारात लागली. डॉक्टर वॉर्डात आले, सिस्टर, महांतप्पा, बब्रुवान. पिराजीला म्या बोलावून घेतलं हुतं. आई तिच्या टेबलाजवळ उभी, हात पुढं बांधून.

"साहेब, आईचं ठरवायच्या आधी बटणावर बोट ठेवा," म्या म्हणले. "आन् म्या सांगेपर्यंत काढू नका."

"हे काय नाटक हाय?"

"तुमी काल शाळा इचारली. प्रयोग हाय म्हणून समजा."

सिस्टर हसली आन् लगेच गप झाली. डॉक्टरांनी बोट ठेवलं. दिवा लागला. सगळे बघत ऱ्हायले. दिवा फिका झाला, तांबडा झाला, गेला. डॉक्टरांनी बोट काढलं न्हाय, जोरानं दाबलं. मग वाकून वायर बघायला लागले.

"वायर बरोबर हाय. सेल बदललेत," पिराजी म्हणला. "माझे नवे नेले, मेलेले घातले."

म्या ते सेल टेबलावर मांडले आन् डांबरात अजून अडकलेल्या दोन बिया दाखवल्या. "हे सेल काल सकाळी गच्चीवर मिरच्यांवर तापत हुते. उचलले की मिरचीचा खकाणा हाताला आला. तो माणूस पेटीवर वाकला, शंकरप्पा शिंकला. तो ऑपरेशन-खोलीत गेला, मुक्ताबाई शिंकली. शंकरप्पा कालपासनं हेच सांगायलाय. त्याला नाव घेता येत न्हाय, म्हणून शिंक दाखवतोय. आन् त्याला गोळी कुणी दिली, कंपाउंडर?"

महांतप्पा खिशातली पेनं नीट करायला लागला.

"सर्दी वाटली मला," तो म्हणला.

"साहेब, तुमची बॅटरी आणा."

डॉक्टरांनी खिशातनंच काढली. पिराजीनं बूड फिरवलं. तीन सेल टेबलावर आले. त्यानं एकेक उलटा केला.

तांबडा थेंब. तांबडा थेंब. तांबडा थेंब.

डॉक्टर त्या थेंबांकडं बघत हुते. काल तीच बॅटरी लख्ख झाली तवा त्यांनी बी इचारलं न्हवतं, की उजेड आला कुठनं.

"उन्हात टाकलेले सेल आधी बॅटरीतच घातले हुते म्या," महांतप्पा खाली बघत म्हणला. "चार मिनटांत बसले. पोर आडवं. म्या काय करायचं, नळदुर्गाला पळायचं? समोर पेटी दिसली. बदलले. संध्याकाळी नवे आणून घालणार हुतो. तवर म्हातारा पडला. मग..." त्यानं मान वर केली. "पोर जगलं की. बाई बी जगली. ती मेली आसती तर मला काय म्हणला आसता तुमी?"

रात्रभर त्याच्यासाठी शिव्या गोळा केल्या हुत्या, त्यातली एक बी आठवंना.

उत्तर आईनं दिलं. जागची न हलता.

"सेल न्हेले त्याला माझी ना न्हाय अप्पा. म्या आसते तर म्याच काढून दिले आसते. पर मला येऊन सांगायचं की, भिमाबाई, पेटी मेलीया. म्या खुर्ची उचलून ह्याच्या उशाला बसले आसते. एवढंच काम हुतं. आन् काल साहेब मला झोपली म्हणले, तवा तुमी हितंच हुता. ह्या दारात."

महांतप्पानं तिथंच, दाराच्या चौकटीला हात लावला.

डॉक्टर आईकडं गेले. "भिमाबाई, माझं चुकलं."

"मला नंतर सांगा," आई म्हणली. "आधी त्याला सांगा. त्याचा पाय गेलाय."

डॉक्टर खाटंजवळ गेले. कसं सांगायचं ते त्यांना येईना. शेवटी त्यांनी शंकरप्पासमोर हात जोडले. म्हातारा त्यांच्याकडं बघत ऱ्हायला, मग त्यांच्या पाठीमागं माझ्याकडं. म्या महांतप्पाकडं बोट केलं आन् जोरात शिंकल्यागत केलं.

शंकरप्पा हसला. दात नसलेलं तोंड सगळं उघडून, आवाज करून हसला.

७

धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं कोण ऐकणार, म्हणून आईनं पेटी संगं द्यायला लावली. पिराजीनं वायर तोडून आखूड केली, तांबड्या थेंबाचे सेल परत घातले. जीपच्या मागच्या बाजूला शंकरप्पा आडवा, पेटी त्याच्या छातीवर, बब्रुवान पायाशी. दिव्यांची फळी धरायला माणूस पायजे हुतं, म्हणून म्या चढले.

बेंबळीकडच्या वळणाला पिवळा दिवा लागला. म्या पॉट उचलला. त्यानं मान हलवली, नको. थोड्या येळानं पांढरा लागला. तांब्या पुढं केला. नको. मग तांबडा. म्या त्याच्या पायाकडं, पोटाकडं हात केला. दुखायलंय का? नको, नको.

"काय पायजे त्याला?" बब्रुवाननं इचारलं.

परत पिवळा लागला. म्या ह्या खेपंला काय उचललं न्हाय, नुसती त्याच्याकडं बघून होकाराची मान डोलावली: दिवा दिसला.

त्यानं बोट काढलं आन् डोळे मिटले. काय नको हुतं त्याला. पलीकडं कुणी जागं हाय का, तेवढं बघत हुता.

धाराशिव येईपर्यंत म्या त्या फळीवरनं नजर हलवली न्हाय.